खांबावरचा मंत्री

टोल्स्ट्रुप, वर्नर. माजी वाहतूकमंत्री. सार्वजनिक जीवनात चोवीस वर्षे. तीन समित्यांचे सदस्य, एका उपसमितीचे अध्यक्ष, डॅनेब्रोग पदकाचे मानकरी. मंत्रिपदाच्या चौदा महिन्यांतील ठळक कार्य : मतदानानंतर आठ दिवसांत निवडणुकीची पोस्टरे खांबांवरून उतरवण्याच्या नियमाची कडक अंमलबजावणी.

आठव्या दिवशी दुपारी हे मानकरी लेम्वी गावातल्या एका दिव्याच्या खांबाला शिडी लावून वर चढले होते. मंगळवारच्या निवडणुकीत वर्नर पडला, त्याच रात्री पोस्टरं लावणारे कार्यकर्ते पांगले. त्यामुळे शिडी धरायला बायको, बोडिल.

"फोन आला तर शिडी घट्ट धर," वर्नर वरून म्हणाला.

"कुणाचा यायचाय?"

"तिकडे कोपनहेगनात सरकार जुळवताहेत. मंत्री व्हायला निवडून यावंच लागतं असं नाही, बोडिल."

"निवडून न आलेले पुष्कळ आहेत. मीही आहे."

त्या फोनपायी आठ दिवस वर्नरने आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून केली होती. होकाराची 'देशाची गरज असेल तर' एवढी सुरुवातही पाठ होती. समोर पोस्टरवर त्याचाच हसरा चेहरा, खाली 'वर्नर आहेच'. कुणीतरी त्याला पेनाने मिशा काढल्या होत्या.

मासेवाला ऊफे सायकलवरून जाता जाता थांबला.

"काय वर्नर, अजून लटकतोयस होय? आम्ही तर गेल्या मंगळवारीच उतरवला तुला."

तेवढ्यात फोन वाजला. वर्नरने एका हाताने खांब कवटाळला, घसा साफ केला आणि मंत्र्याच्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलं.

"नगरपालिकेतून बोलतेय, वर्नर. शाळेसमोर तुझं एक पोस्टर राहिलंय. आज शेवटचा दिवस."

"नियम मला ठाऊक आहे."

"असणारच. परिपत्रक समोरच आहे माझ्या. सही तुझी आहे."

फोन खिशात गेला.

"कोण होतं?" बोडिलने विचारलं.

"सरकारी काम होतं," वर्नर म्हणाला, आणि दोघं शिडी घेऊन शाळेकडे निघाले.

तीन आठवड्यांनी मंत्रिमंडळ जाहीर झालं. वर्नरचं म्हणणं खरं ठरलं: वाहतूक खातं निवडणुकीत पडलेल्या एका बाईंना मिळालं. त्यांची पोस्टरं सातव्या दिवशीच उतरली होती.

वर्नरची एकशे चाळीस होती, प्लास्टिकची, पावसाला दाद न देणारी. बोडिलच्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपराला बारा पुरली.