माझी वरात अडवणारा मामा

माझ्या मामाइतका अडेल माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही. मी बरेच अडेल पाहिले आहेत, त्यातल्या एकाशी तर संसार केला, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे. मामाचा अंजनगावच्या वाटेवर वांग्यांचा मळा होता आणि अक्षरओळख नसूनही त्याला कागदाचं वेड होतं. तेव्हा राज्य इंग्रजांचं. साथ आली की सरकारचे हात लांब होत. कोणाच्या घरावरची कौलं उतरव, कोणाला गावाबाहेर काढ. प्लेगात शिपाई आजीचं अंथरूण जाळायला आले, तेव्हा मामा दारात आडवा झाला. म्हणाला, "कागद आन, मंग गोधडीले हात लाव." शिपाई तालुक्याला जाऊन खरोखर कागद घेऊन आले. मामाने तो मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला आणि गोधडी स्वतः उचलून बाहेर नेऊन जाळली. आजी त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. विहिरीत लाल औषध टाकलं तेव्हा बाया हंडे घेऊन माघारी फिरल्या, तर हा कागद ऐकून झाल्यावर काठावर बसून तांब्याभर पाणी प्यायला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "मरण्यापरीस बरं लागते."

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात परतवाड्याला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. तिकडून येणाऱ्याने पाच दिवस गावाबाहेर राहावं, असा हुकूम निघाला आणि नाल्याशी पहारा करायचं काम मामाकडे आलं. हुकूम आणणारा कारकूनच आठ दिवसांनी परतवाड्याहून परतला, तर मामाने त्याचीच बैलांची दमणी अडवली. तो संतापला. मामाने हात जोडले आणि विचारलं, "सायेब, हे म्या लिवलं का?" कारकून आल्या वाटेने गेला. गाव हसलं. पण पुढच्याच आठवड्यात माझी वरात आली, तीही परतवाड्याहून.

मामाने तिलाही नाल्यापलीकडे, स्वतःच्या मळ्यात उतरवलं. मुहूर्त टळला. पाहुणे रागावून परत गेले तर मला दुसरं स्थळ मिळणार नाही, या भीतीने बाबा नाल्याशी धावले. अलीकडून ओरडून म्हणाले, "साळेबुवा, सरकार परकं हाय. तू कोनाचा?"

मामा म्हणाला, "अन पटकी कोनाची हाय, भाऊजी?"

दोन दिवस मामाने पाहुण्यांना वांगी खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी नवरदेवाच्या चुलत्याला ढाळ लागले. सगळे लांब सरकले, त्यांना मामाने मळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं आणि चुलत्याची घाण एकट्याने काढली, उकळलेलं पाणी चमच्याने पाजलं. चुलता वाचला. बाकी कोणाला काही झालं नाही, गावात तर कोणालाच नाही. बाबांचा आवाज त्या दिवसापासून खाली आला.

पाच दिवस भरल्यावर, चुलत्याला मळ्यातच ठेवून, वरात नाला ओलांडून आली. मामा आला नाही. आजाऱ्याला हात लावला म्हणून त्याने स्वतःलाच आणखी पाच दिवस बसवलं होतं. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा लागतो, म्हणून बाबा पुन्हा नाल्याशी गेले. म्हणाले, "घडीभर येऊन जा. कोन पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो," मामा म्हणाला.

दुसऱ्या कोणाला पाठीशी उभं करायचं म्हणाले, तर मी नको म्हटलं. जागा रिकामी राहिली. मांडवातून नाल्यापलीकडचा धुरा, मळ्याचा बांध, दिसत होता. मामा तिथे धुतलेलं धोतर नेसून, मुठीत ज्वारीच्या अक्षता घेऊन उभा होता. प्रत्येक 'सावधान'ला तो हात पूर्ण मागे नेऊन त्या फेकायचा आणि समोरचा वारा त्या त्याच्याच अंगावर आणून टाकायचा. तरी शेवटपर्यंत फेकत राहिला.

पुढे मी माहेरी आले की म्हातारा हमखास विचारायचा, "पोचल्या होत्या का वं पोरी?"

मन राखायला गोड बोलणं मला कधी जमलं नाही. सासूला नाही, नवऱ्याला नाही. मामाला मात्र दर वेळी सांगत आले, पोचल्या.