एक नंबर वरचे टायर

आमच्या गल्लीतले पिकपमामा उंचीने माझ्या खांद्याला लागत, आणि मी स्वतः काही माडाचं झाड नव्हे. पण कुठलीही वस्तू त्यांना आपल्या मापाची चालत नसे. चपलांच्या दुकानात इवलासा पाय पुढे करून म्हणायचे, "एक नंबर वरचं दे!" सदरा गुडघ्यापर्यंत. छत्री अशी की तिच्याखाली एक लग्न लागावं. आणि कॉफीचा पेला एवढा, की शेजारच्या मांजरीने त्यात पिलं घातली होती. शपथेवर सांगतो. कुणाची शपथ, ते विचारू नका.

कुंभकोणममध्ये त्यांचा पिकप ठाऊक नाही असा माणूस नव्हता. एरवी त्यातून केळीची पानं, विड्याची पानं, पितळी समया जात. गाडीला ते मराठीत गोंजारत आणि तमिळमध्ये शिव्या देत. "देवाला घेऊन फिरते ती, तिला घरची भाषा यायला नको?" असं त्यांचं म्हणणं. कारण वर्षातून एकदा, रुक्मिणी-कल्याण, म्हणजे देवाचं लग्न, झालं की आमच्या भजनमठाचे विठ्ठल-रखुमाई त्याच पिकपमधून गल्लीत मिरवत. प्रत्येक दारी गाडी थांबे. घरची बाई आपल्या रांगोळीवर उभी राहून ओवाळी आणि देवाच्या पायांवर फूल ठेवी.

मामांची थोरली बहीण अक्का. आई लवकर गेली, तेव्हा मामांना तिनेच वाढवलं. म्हातारपणी ती कमरेत अशी वाकली होती, की माणसं चेहऱ्याने नव्हे, चपलांवरून ओळखायची. "काय रे, अंगठा तुटलेला तूच ना?" असं मला विचारायची. मठाच्या पायऱ्या तिला चढवत नसत, म्हणून तिचा देव वर्षातून त्या एका दिवसाचा. पायांना हात लागल्याशिवाय त्या दिवशी ती पाणीसुद्धा घेत नसे. देव उभे असत ती पिकपची फळी बरोबर तिच्या हाताशी येई.

मग एका ऐप्पसीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन पावसात, देवाला गोविंदपुरमला नेताना रस्त्यावरचं पाणी उडून रखुमाईचं लुगडं भिजलं. मामा तडक टायरच्या दुकानात. "एक नंबर वरचे घाल!"

फिटर हादरला. "मामा, वळताना घासणार. ब्रेक उशिरा धरणार. आर.सी. बुकात हे माप नाही."

"बुकात देव तरी कुठे आहे?" मामा म्हणाले.

मडगार्ड कापून ते राक्षसी टायर बसवले. गाडी वीतभर वर गेली. आता मामांना आत शिरायला स्टूल लागे, आणि स्टूल बाहेरच राहिल्यामुळे उतरायला आरडाओरडा करावा लागे. चाक पूर्ण वळवलं की असं कर्कशायचं, की भर दुपारी कुत्री अंगणं सोडून पळत. म्हणून मामांनी वळणंच सोडली. साधी गाडी फिरवायची तर ते पार पुढच्या गावाला, तिरुप्पनंदाळपर्यंत जाऊन येत. आम्ही हसायचो. त्यावर मामा म्हणत, "हसा! देवाला आता शिंतोडा लागणार नाही."

कल्याणाचा दिवस आला. मिरवणूक अक्काच्या दारी थांबली. अक्काने फूल घेतलेला हात पुढे केला. फळी नाही. आणखी वर केला. फळी नाहीच. तिच्या नजरेपुढे होतं ते फक्त काळं रबर. क्षणभर ती चाचपडली. मग तिने शांतपणे टायरला हळदकुंकू लावलं, टायरवर फूल ठेवलं आणि टायरला नमस्कार केला.

भागवतरांचा, म्हणजे आमच्या मुख्य भजनीबुवांचा, अभंग अर्ध्यावर तुटला. टाळ थांबले. मामांनी स्टुलाची वाट न बघता उडी टाकली.

"अक्का, अगं देव वर आहे!"

"होय की. वरच असतो तो," अक्का म्हणाली. "गाडी पुढे ने बाबा. लोकांचा खोळंबा होतोय."

आणि ती आत वळली. तशीच, कोरड्या तोंडाने. मामांचा चेहरा मी पाहिला. भर गर्दीत कुणी थोबाडीत मारावी तसा. "अय्यो, मी काय करून बसलो," एवढंच ते पुटपुटले. मग ओरडले, "अक्का, थांब! रांगोळीवरून हलू नको!"

जुनी चाकं तिच्याच परसात पडली होती. ती गडगडवत आणून मामांनी गाडीखाली जॅक लावला. भागवतर किंचाळले, "अरे, देव वर बसलेत! आधी उतरव तरी!"

"मठाबाहेर उतरवले तर मिरवणूक मोडेल. नियम तुमचाच!" मामा गाडीखालून म्हणाले. "तुम्ही गा!"

भागवतर गायले. भीतीने असा सूर लागला, की तसा पुन्हा कधी लागला नाही. अक्काच्या बाजूची दोन्ही चाकं बदलली. मामांनी जॅक उतरवला, आणि पलीकडची चाकं मोठी असल्याने अख्खी गाडी अक्काकडे कलली. गल्ली ओरडली, "गोविंदा, गोविंदा!" देव पडले असंच सगळ्यांना वाटलं. पण मूर्ती उपरण्याने घट्ट बांधलेल्या होत्या. विठ्ठल कमरेवर हात ठेवून वाकला आणि त्याचे पाय अक्काच्या हातात आले.

"अगं बाई," अक्का म्हणाली, "आज खाली आला हा!"

पलीकडची चाकं मामांनी बदललीच नाहीत. "अक्काला तहान लागली असेल, चला," म्हणत गाडी तशीच हाकली. समोरच्या घरांतून बोंब उठली, "देवाने आमच्याकडे पाठ केली हो!" मामा म्हणाले, "परत येताना तुमचीच बाजू!"

पुढच्या कल्याणाआधी मामा गेले. साधा ताप म्हणून झोपले आणि उठलेच नाहीत. बहीण-भावाची एवढी धिप्पाड माया, आणि मागे राहिली ती वाकलेली अक्का. आम्ही कुणी तिच्यासमोर उभं राहू शकत नव्हतो.

त्या वर्षी भाड्याची गाडी आणली. कंपनीच्या मापाचे टायर. फळी बरोबर अक्काच्या हाताशी आली. तिने देवाच्या पायांवर फूल ठेवलं, पण फळीवरचा हात काढला नाही. कशाची तरी वाट बघत उभीच राहिली. मग ड्रायव्हरच्या अनोळखी चपलांकडे बघून म्हणाली, "का रे, तुझी गाडी वाकत नाही?"

त्याला मराठी कळत नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. गल्लीचा दुभाषी मीच. त्या दिवशी मला दोन्ही भाषा येईनात.