कॅनॉलला गेलेली वाकळ

सुनेनं आज मशीनमधून ओली गोधडी काढली आणि विचारलं, "आई, ही किती दिवसांनी धुवायची?" ओल्या सुताचा तो जड वास आला आणि मी थेट सासरच्या गावी, निमगाव केतकीच्या कॅनॉलवर जाऊन उभी राहिले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतरची माझी पहिली घटस्थापना जवळ आली होती. सासरी गोधड्यांना वाकळा म्हणत आणि त्या वर्षातून एकदाच, घट बसायच्या आधी धूत. त्या दिवशी कॅनॉलला पाणी जोरात होतं. सासूबाईंनी स्वतः शिवलेली मोठी वाकळ मी खळबळत होते. निसटू नये म्हणून तिचं टोक मनगटाला गुंडाळलं. पाणी पिऊन वाकळ म्हशीसारखी जड झाली, धारेला लागली आणि मलाच ओढायला लागली. शेवाळावरून पाय घसरला.

"सोड ती!" सासूबाई ओरडल्या.

मी सोडेना. त्यांची जीभ तिखट. त्यांचीच वाकळ घालवून घरी कुठल्या तोंडानं जाऊ?

त्यांनी माझी वेणी धरून मागं खेचलं आणि दुसऱ्या हातानं मनगटाचा पीळ सोडवला. वाकळ वाहत पुलाखाली गेली.

वाटभर त्यांनी माझं मनगट आवळून धरलेलं. तेव्हा मला तो रागच वाटला.

अंगणात सासऱ्यांनी विचारलं, "मोठी वाकळ कुठं हाय?"

"माज्या हातनं सुटली," त्या म्हणाल्या.

माझं मनगट अजून त्यांच्या मुठीतच होतं.