तुम्हा इंडियन लोकांना हे कळतं

"राहू दे गं तू. ऊठ आता."

न्यूझीलंडमधल्या टौरंगातलं एक मराठी घर. गणपतीचा दिवस. स्वयंपाकघरात आम्ही बायका उकडीचे मोदक वळत बसलो होतो. मी शिक्षण संपवून नुकतीच या गावात आले होते, कुणाला ओळखत नव्हते. घरमालकिणीच्या सासूबाई पुण्याहून लेकाकडे राहायला आल्या होत्या. त्यांना माझ्या मोदकांच्या कळ्या आवडल्या. म्हणाल्या, "छान पडतात गं तुझ्या हातून." मग नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते. मी सांगत गेले. लपवावं असं सुचलंच नाही.

त्यावर त्या म्हणाल्या, "राहू दे गं तू. ऊठ आता." चाळणीतले माझे मोदक एकेक वेचून बाहेर काढले. ओळखू येत होते, चांगले झाले होते म्हणून. वेगळ्या डब्यात टाकले. "हे नैवेद्याला नकोत."

बाकीच्या बायका खाली बघून मोदक वळत राहिल्या.

सून दारापर्यंत आली. मी जँडल्स, म्हणजे इथल्या सपाता, पायात सरकवत होते. "मनावर घेऊ नकोस हं. आई जुन्या वळणाच्या आहेत. आम्ही नाही मानत असलं काही. स्वीट अ‍ॅज?"

"स्वीट अ‍ॅज," मी म्हणाले. इथे 'सगळं ठीक'ला असंच म्हणतात. आणि हसले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. किवीफ्रूटचं पॅकहाउस. कोल्डस्टोअरमधली फळं पुन्हा निवडून पेट्या भरायच्या. डोळे सुजलेले. आमच्या शिफ्टचे सुपरवायझर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. नायजेरियाचे, इग्बो. उंच, रुंद, आवाज असा की मशीनच्या वर ऐकू यावा. तिकडे शाळेत शिकवायचे. एमेका त्यांचं नाव, पण मी अंकल म्हणायचे. त्यांच्यातही मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत.

"कुणी अपमान केला तुझा?"

"नाही अंकल. घरची आठवण येते."

"मग रविवारी जेवायला ये, न्ने."

न्ने म्हणजे आई. आपल्याकडे लेकीला माय म्हणतात, तसं.

अंकल कसे होते ते सांगते. एकदा एका कॉन्ट्रॅक्टरने पॅसिफिक बेटांवरून आलेल्या एका पोराला माकड म्हटलं. अंकलनी फळं वाहणारा बेल्ट बंद केला. अख्खी लाइन थांबली. मॅनेजर धावत आला. अंकल म्हणाले, "आधी माफी. मग फळं." माफी मागावी लागली. सगळ्यांसमोर. मला वाटलं, माणूस असावा तर असा. माझ्या बापालाही गावात कुणासमोर असं उभं राहता आलं नव्हतं.

त्यांच्या घरी मी दर रविवारी जायला लागले. कुटलेल्या कंदाचा गोळा आणि झणझणीत रस्सा. आपल्यासारखंच हाताने खायचं. एकुलती एक मुलगी आडा नर्सिंग शिकत होती. इथेच वाढलेली. बाप इग्बोत विचारायचा, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. मग अंकलचा चेहरा ताठ व्हायचा. "ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत बोल." ती म्हणायची, "डॅड, मी दमलेय." की ते ताट सारून उठायचे. दिवसचे दिवस तिच्याशी अबोला. बायको मध्ये पडली तर तिच्याशीही. घरात शब्द चालणार तो त्यांचाच. चर्चमध्येही. पोरगी हातातून जातेय, गाव हातातून जातंय, हे एकच भय. ते भय ते आवाजाखाली दाबायचे.

मग आडाने केनेला घरी आणलं. ऑकलंडच्या न्यू लिनमध्ये राहणारा, बांधकामावर सुतारकाम करणारा पोरगा. इग्बो. आणि इग्बो बोलायचा अशी की अंकलनी टाळी वाजवली. ज्येष्ठांना कसं वंदन करायचं तेही त्याला येत होतं. अंकल मला म्हणाले, "बघ न्ने, देव आहे." इतके खूष मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

रीतीप्रमाणे त्यांनी मुलाच्या घराण्याची चौकशी करायला गावाकडच्या भावाला सांगितलं. भावाचा फोन आला.

पुढच्या रविवारी मी गेले तर घरात सुतक पडल्यासारखं. आडाचे डोळे रडून लाल. अंकलनी मला शेजारी बसवलं. आम्ही एकाच मोठ्या ताटात जेवायचो.

"तो मुलगा ओसू आहे," ते म्हणाले.

कधीकाळी त्याच्या कुणा पूर्वजाला देवाला वाहिलं होतं. तेव्हापासून ते घराणं वेगळं. त्यांच्याशी सोयरीक नाही. देव गेला, सगळे ख्रिश्चन झाले, चर्चमध्ये एका बाकावर बसायला लागले. सोयरीक मात्र नाही.

"डॅड, इट्स रबिश," आडा म्हणाली.

"हिला कसं समजणार! इथे वाढली." अंकल माझ्याकडे वळले. आवाज मऊ होता. आधार मागत होते. "तूच सांग हिला, न्ने. तुम्हा इंडियन लोकांना हे कळतं. तुम्ही लोकांनी हे नीट सांभाळलंय."

माझ्या हातात घास होता. तो मी खाली ठेवला.

"अंकल, आमच्याकडचा केने म्हणजे मी."

त्यांना समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. गावाबाहेरची वस्ती. बापाला कपात न मिळालेला चहा. मोदक. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

अंकल ताटाकडे बघत होते. मग उठले. सिंकपाशी गेले. हात धुतले. जेवण अर्धंच झालं होतं.

"तू वेगळी," पाठमोरेच म्हणाले. "ती तुमच्या देशातली गोष्ट."

"मग हात का धुतलेत?"

नळ वाहत राहिला. बेल्ट थांबवणारा माणूस. त्याच्या पाठीकडे बघताना मला त्याची कीव आली. आणि राग. दोन्ही एकदम.

आडाने रजिस्टर लग्न केलं. साक्षीदार म्हणून सही मी केली. अंकलचा फोन आला. "न्ने, तू माझं घर मोडलंस." एवढंच. नंतर कामावर ते माझ्याशी बोलले नाहीत. आणि कुणासाठी बेल्टही थांबवला नाही. एकदा एका पंजाबी पोराला कुणीतरी घाण बोललं. अंकल बाजूने निघून गेले. ऐकलं होतं त्यांनी.

आडाला मुलगा झाला. आडाची आई बाळंतपणाला न्यू लिनला गेली ती परत आली नाही. लोक बाळाचे फोटो दाखवायचे. अंकल म्हणायचे, "मला नातू नाही."

२०१८ मध्ये गेले. हार्ट अटॅक. घरात एकटेच. शेजाऱ्याला सापडले.

चर्चच्या दारात आडा, तिची आई, केने, केनेच्या कडेवर पोर. केनेने पोर आडाच्या आईकडे दिलं आणि शवपेटीला खांदा द्यायला पुढे झाला. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्याच्या छातीवर हात ठेवला. हळूच म्हणाला, "त्यांनी सांगून ठेवलंय. तुझा हात लागता कामा नये."

मरतानाही.

केने मागे सरला. त्याला सवय होती, मला दिसलं ते. आडाने पेटीची कडी पकडून ठेवली होती. सोडली नाही. बाप होता तिचा.

तो माणूस माझ्याकडे वळला. "तू त्यांची लेकच. ये, तू धर."

"माझाही हात चालणार नाही," मी म्हणाले. मोठ्याने. "त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. आमच्या देशातली ओसू आहे मी."

सगळ्यांनी ऐकलं. पेटी उचलली, आत गेली. दार लागलं. आत गाणं सुरू झालं.

मी आणि केने कार पार्कमध्ये उभे.

"हीप्स ऑफ पीपल, केवढे लोक बघत होते," तो म्हणाला. "कशाला बोललीस?"

"बघू देत."

त्याने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या पोराच्या वेळेपर्यंत संपेल का हे?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. "नाही," म्हणाले.

अंकलनी मला परक्या देशात जेवायला घातलं. माय म्हटलं. त्यांच्यासाठी मी रडले, अजून रडते. माफ केलेलं नाही. मेले म्हणूनही नाही.

आता कुणी आडनाव विचारायची मी वाट बघत नाही. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर उभी राहून आधी जात सांगते. ज्याला दार लावायचंय त्याने माझ्या तोंडावर लावावं. कोण लावतंय, ते मी डोळे उघडे ठेवून बघणार आहे.