एक दात कमी असलेला कीबोर्ड

जनावराच्या कानातला बिल्ला तुटला की आमच्या ऑफिसात तो फेकत नाहीत, एका पत्र्याच्या डब्यात टाकतात. डब्याकडे कोणी बघत नाही. मग एक दिवस झाकण बसेनासं होतं. किस्स्यांचं माझ्याकडे तसंच झालं आहे, म्हणून आज जरा डबा उपडा करते.

ऑफिस मंगरूळपीरचं, जनावरांच्या विम्याचं. गाय, म्हैस, बैल, प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे, आणि ते आकडे मुंबईच्या एका भल्यामोठ्या जुन्या कॉम्प्युटरात. मी इथे पाणी भरायला लागले, चौथी पास. तेव्हा टेबलावर हिरव्या अक्षरांचं खोकं होतं, ते थेट मुंबईशी बोलायचं. मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून शिकले. इंग्रजी अक्षरं कीबोर्डवरूनच उचलली, त्यामुळे मला ए-बी-सी-डी अजून धड येत नाही, क्यू-डब्ल्यू-ई-आर मात्र झोपेतही म्हणेन.

आता खोकं गेलं. तोच काळा पडदा साध्या ब्राउझरमध्ये उघडतो. आणि अडला की सगळे मलाच हाक मारतात, कलामावशी.

यंदा वरून पत्र आलं. कंत्राटावरच्या ज्यांच्याकडे कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट नाही, त्यांचं काम नागपूरचा इंजिनीअर येऊन बघणार आणि नावापुढे शेरा लिहिणार. 'ठेवा' किंवा 'कमी करा'. यादीत नाव एकच होतं, माझं.

*

वानखडे साहेब आमचे मॅनेजर. नवे आले त्याच आठवड्यात त्यांचा पडदा आडमुठा झाला. एक अक्षर उठेना. खाली कोपऱ्यात नुसती फुली. साहेबांनी मशीन तीनदा बंद-चालू केलं, वायरमनला बोलावलं, वरून मलाच म्हणाले, "मावशी, लाइटचाच प्रॉब्लेम दिसून राह्यला."

मी वाकून पाहिलं. साहेब जिथे फक्त मथळा असतो, तिथे बिल्ल्याचा नंबर टाइप करत होते. त्या जागेत लिहायची परवानगीच नसते. लिहायला गेलं की मुंबई आपला कीबोर्ड बांधून टाकते.

"साहेब, तुमी धुऱ्यावर पेरून राह्यले," मी म्हटलं. "रिसेट दाबा, अन् आपल्या वावरात या."

साहेब शेतकऱ्याचेच. धुरा म्हणजे बांध, तिथे कोणी पेरत नाही, हे पुन्हा समजावावं लागलं नाही.

*

याच साहेबांना पुढे अक्षरं बारीक दिसायला लागली. रोज थोडी थोडी बारीक. साहेबांनी कोणाला सांगितलं नाही. चाळिशी उलटली की होतं असं म्हणून एक दिवस वाशीमला गेले आणि जाड भिंगाचा चष्मा करून आले.

चष्मा लावून ते ऐटीत बसले, तेव्हा मी टेबल पुसायला गेले. बघते तर त्यांची फाइल कायम कंट्रोलच्या बटणावर टेकलेली, आणि हात माउसच्या चाकावर. चाक फिरलं की पान लहान. मी फाइल उचलली, कंट्रोल आणि शून्य दाबलं. अक्षरं होती तेवढी झाली.

साहेब दचकून मागे सरकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मावशी, हे चार दिवस आधी काहून नाई सांगतलं?"

"तुमी डोळ्याच्या डाक्टरले इचारलं, मले कुठं इचारलं?"

*

शिरपूर जैनला आमचं एक छोटं काउंटर आहे. तिथला गजानन एकदा सकाळीच फोनवर घायकुतीला आलेला. "मावशी, मशीन म्हणते तू आधीच आत हायेस. मी तं बाहेर हाओ!"

"काल जाताना नीट लॉग-ऑफ करून निघाला होता का?"

तो हळूच म्हणाला, "बस लागली होती, मावशी. फुलीवर दाबलं अन् पळालो."

"मंग तू बसमधी बसला, अन् तुयं नाव आतच बसून हाय. चहा पिऊन ये. पंधरा मिनिटांत कंटाळून निघते ते."

निघालं. तेव्हापासून गजानन रोज निघताना फोन करतो, "मावशी, मी पुरा बाहेर आलो."

*

आता एका चमच्याचं सांगते. काळ्या पडद्याच्या तळाशी लिहिलेलं असतं, एफ-फाइव्ह म्हणजे सेव्ह. खोक्यावर ते खरं होतं. ब्राउझरमध्ये एफ-फाइव्ह दाबलं की पान नव्याने येतं आणि भरलेलं सगळं पुसून जातं. आमच्या संगीताने एका पडद्यावर पंधरा बैल भरले आणि वाचून विश्वासाने एफ-फाइव्ह दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती नुसती कीबोर्डकडे बघत बसली.

नागपूरचे इंजिनीअर मिश्राजी फोनवर म्हणाले, "टिकट डालो." टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवली. पाऊस गेला, सोयाबीन निघालं, तिकीट तिथेच.

मी पोह्याचा चमचा आणला. दांडीने तिन्ही कीबोर्डांवरचं एफ-फाइव्ह उपटलं आणि बिल्ल्यांच्या डब्यात टाकलं. "पोरी, पडद्याखाली सेव्हचं चित्र हाय, माउसनं तेच दाबजो," मी म्हटलं. बोट आता रिकाम्या जागेत जातं आणि शहाणं होऊन परत येतं.

*

तर शेरा लिहायला हेच मिश्राजी आले. यादी टेबलावर ठेवली, पेनाचं टोपण काढलं, आणि पहिली नजर कीबोर्डांवर.

"ये किसने किया?"

"म्या."

"कंपनी का सामान है, मावशीजी."

"हाव. अन् तवापासून एक बी बैल पुसला नाई."

ते हसले. म्हणाले, एफ-फाइव्ह मैंने खुद ठीक कर दिया है, नागपूर में मक्खन जैसा चलता है. पिशवीतून नवा कोरा कीबोर्ड काढला, सगळे दात जागेवर. जोडला. संगीताने रिठद गावच्या बिल्ल्यांच्या कॅम्पचे कागद दिले, पंधरा म्हशी. ती वाचू लागली, ते भरू लागले. बारा आकडे, वय, रंग. "शिंगं?" "एक वाकडं." पाऊण तास गेला.

पंधरावी म्हैस झाली. मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलं, बोट उंच उचललं आणि एफ-फाइव्ह दाबलं.

पडदा पांढरा झाला. मग काळा. मग मुंबईने विचारलं, युजर आयडी काय?

वानखडे साहेब चष्मा पुसायला लागले. संगीताने कागद नीट जुळवले आणि पहिली म्हैस पुन्हा वर घेतली.

मिश्राजींनी यादीवरच्या पेनाला टोपण लावलं. नवा कीबोर्ड जवळ ओढला, एफ-फाइव्हखाली नख घालून पाहिलं. निघेना.

"मावशीजी," ते म्हणाले, "वो चम्मच किधर है?"