मक्यातला झेल

आमच्या नेब्रास्कातल्या गावात अमेरिकन फुटबॉलचं, म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळायच्या फुटबॉलचं, मैदान संपलं की मका सुरू होतो. वर्लिन आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू लांब फेकणारा मुख्य गडी. त्याच्या हातून सुटलेला चेंडू कणसांवरून पाखरू जावं तसा तरंगत जायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या अंतिम सामन्यात त्याने शेवटचा चेंडू फेकला. आमच्याच संघातला एल्डन चेंडूमागे धावला आणि चेंडूसकट मक्यात गडप झाला. चेंडू काखेत मारून बाहेर आला आणि म्हणाला, "हद्दीच्या आत झेलला." पंचाने ऐकलं नाही. आम्ही हरलो.

तेव्हापासून वर्लिन गावाचा लुबाडलेला राजा झाला. डोरीन आपल्या हॉटेलात त्याला रोज ॲपल पाय फुकट देते.

परवा आम्ही तिघं तिथेच बसलो होतो. एल्डन हळूच म्हणाला, "वर्ल्या, सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकतो. तो चेंडू मी झेललाच नव्हता. मक्यातून उचलून आणला."

वर्लिनने घास सावकाश गिळला. "ठाऊक आहे. चेंडूला चिखल होता, तुझ्या अंगावर ठिपका नव्हता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"अरे लेका, नुसता हरलेला क्वार्टरबॅक गावोगाव असतो. त्याला ॲपल पाय कोण चारतं?"

"पण देवाला काय सांगू?"

"देवाला खरं तेच सांग. डोरीनला सांगू नकोस."

रविवारी एल्डन चर्चमध्ये उभा राहिला. त्याने आधी वर्लिनकडे पाहिलं, मग डोरीनकडे. "माझ्यासाठी प्रार्थना करा," म्हणाला. "आणि त्या आंधळ्या पंचासाठीही."

सर्वांत मोठं आमेन वर्लिनचं होतं.