शोभाबाईंच्या वाती आणि चुकलेला आकडा

समुद्रपूरच्या शोभाबाई वाती वळतात. समईच्या लांब वाती, निरांजनातल्या फुलवाती. बोटाला दुधाचा थेंब लावून पीळ दिला की वात तयार. हात असा बसलेला, की गप्पा मारता मारता शंभराची पुडी भरते. पण गावात घरोघरी बाया स्वतःच वाती वळतात, विकत कोण घेणार? म्हणून सून वर्षालीने वेबसाइट काढली. फोटो देखणे आले. चार महिने उलटले तरी एक फोन नाही.

“लोकायले आता रेडिमेड विजेचे दिवेच आवडत असतीन,” शोभाबाई म्हणायच्या आणि पुन्हा कापूस हातात घ्यायच्या. आतून मात्र त्यांना लागलं होतं.

वर्षालीने कुठेतरी वाचलं, की आपण दुसऱ्याच्या वेबसाइटची लिंक आपल्या पानावर द्यायची, त्याने आपली द्यायची. मग त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडेही वळतं. तिने दहा-बारा जणांना ईमेल धाडले. एकाचं लगेच उत्तर आलं: आमच्या वीस लिंका लावा, आम्ही तुमची वीस ठिकाणी लावतो. तिने लावल्या.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना शोभाबाईंनी वेबसाइटवरच्या त्या नव्या नावांवर एकेक करून बोट ठेवलं. एकीकडे केस वाढवायचं औषध, दुसरीकडे पत्त्यांचा जुगार.

“वर्षाली, हे कोन लोक व्हय?”

“माहीत नाई, आई. लिंका देतेत, बस.”

“देवासाठी वाती पाह्याले आलेल्या मानसाले आपन जुगार दाखवाचा? ज्याची ओळख ना पाळख, त्याचं नाव आपल्या दारावर काऊन लावाचं?”

वर्षाली हिरमुसली, पण विसाच्या वीस लिंका तिने काढून टाकल्या. राहिलेल्या उत्तरांत केळझरचा धनंजय होता. मंदिराच्या वाटेवर त्याचं पितळी समयांचं दुकान, आणि वेबसाइटही.

“हा कामाचा मानूस दिसते,” शोभाबाई म्हणाल्या. “जाऊन पाह्य लागते.”

वर्ध्याला गाडी बदलून त्या केळझरला पोचल्या. पिशवीत वातीच्या चार पुड्या. धनंजय चाळिशीचा, तोलूनमापून बोलणारा. त्याने एक वात दुकानातल्या समईत लावली आणि आपलं काम करत राहिला. ज्योत तासभर सरळ उभी होती. तडतड नाही, काजळी नाही.

“वात चांगली हाये, मावशी. लिंक देतो. पन आधी तुमच्या पानावरचा नंबर लावून पाह्यतो. माह्या गिऱ्हाइकाले हेलपाटा नको.”

त्याने नंबर लावला. शोभाबाईंचा फोन पिशवीत गप्पच. धनंजयने वातींचं विचारताच पलीकडून एक पुरुष खेकसला, “वाती नाई विकत मी! ट्रॅक्टरचं गॅरेज हाये माह्यं!”

शोभाबाईंनी फोन मागून घेतला. बोलणारे अल्लीपूरचे भैयाजी होते. वेबसाइटवर टाकताना नंबरातला एक आकडा चुकला होता.

“माफ करजा, भाऊ. वाती माह्याच. लय लोक बोलले काय तुमच्याशी?”

भैयाजींचा आवाज खाली आला. “तीस-पस्तीस तं असतीन, बाई. एक अकोल्याची बाई तं तीनदा बोलली.”

शोभाबाई स्टुलावर बसल्या. चार महिने त्यांना वाटत होतं, की आपल्या वाती कोणाला नकोच आहेत. त्यांनी पदराने डोळे पुसले. धनंजयने पाण्याचा गिलास पुढे केला.

घरी हे ऐकून वर्षाली रडवेली झाली. “आई, माह्यी चूक व्हय.”

“मी तरी कवा तो नंबर लावून पाह्यला? चाल, दुरुस्त कर.”

भैयाजींच्या फोनमध्ये उरलेले अकरा नंबर त्यांनी पाठवून दिले. शोभाबाईंनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. काहींनी दुसरीकडून घेतल्या होत्या, दोघांना काहीच आठवेना, पाच जणांनी मात्र वाती मागवल्या. अकोल्याच्या बाईंनी आधी मनसोक्त रागावून घेतलं आणि मग दहा पुड्या सांगितल्या.

आता धनंजयच्या समयांखाली शोभाबाईंच्या वातींची लिंक आहे आणि त्यांच्या पानावर त्याच्या समयांची. आणखी तीन नावं जोडली गेली. तिन्ही ठिकाणी शोभाबाई जाऊन आल्या. मागच्या महिन्यात कोकणातल्या एका कोकम विकणाऱ्या बाईंनी लिंक जोडायचं विचारलं. तिथवर जाणं काही जमणार नव्हतं. मग दोघी तासभर फोनवर बोलल्या, इकडून वाती गेल्या, तिकडून कोकम आलं. त्या कोकमाचं सार पिऊन झाल्यावर शोभाबाई वर्षालीला म्हणाल्या, “लाव वो तिचं नाव.”